राउंडला इंग्रजीत पटलेला निर्णय मराठीत जड का जातो?

रात्रपाळी_आयसीयू:
मी आयसीयूत रेसिडेंट आहे. आमचा राउंड सगळा इंग्रजीत चालतो. परवा एका पेशंटबद्दल ठरलं की किडन्या आणि फुप्फुसं दोन्ही निकामी झाली आहेत, आता डायलिसिस सुरू करायचं नाही आणि व्हेंटिलेटरचा सपोर्टही वाढवायचा नाही. मला ते पूर्ण पटलं होतं, फाइलमधली नोंदही मीच लिहिली. मग बाहेर त्यांच्या मुलीशी मराठीत बोलायला लागले आणि दुसऱ्या वाक्यालाच मनात आलं, आपण घाई तर करत नाही ना? पेशंट तोच, रिपोर्ट तेच. भाषेने खरंच एवढा फरक पडतो का? आणि पडत असेल, तर यातलं माझं मत कुठलं धरायचं?

मनाचा_अभ्यास:
पडतो. २०१४ साली आल्बर्ट कोस्टा, बोआझ केसार हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॉलीचा जुना पेच लोकांपुढे ठेवला होता. ताबा सुटलेली ट्रॉली रुळांवरच्या पाच जणांच्या अंगावर चालली आहे. पुलावरून एका धिप्पाड माणसाला रुळांवर ढकललं तर पाच जण वाचतात, ढकलाल का? मातृभाषेत विचारलं तेव्हा २० टक्के लोक हो म्हणाले, परभाषेत ३३ टक्के. नुसता खटका ओढून ट्रॉली दुसऱ्या रुळावरच्या एका माणसाकडे वळवायची असेल, तर मात्र भाषेने काही फरक पडला नाही. म्हणजे हात लावायची वेळ येते, पोटात कालवतं, तिथेच भाषा आड येते.

याचा अर्थ परभाषेत माणूस जास्त शहाणा होतो, असा लावू नका. सायुरी हायाकावा यांच्या २०१७च्या प्रयोगांत दिसलं की परभाषेत जास्तीत जास्त जीव वाचवण्याची ओढ वाढत नाही. ‘हे करू नये’ ही आतली टोचणी तेवढी बोथट होते. लहानपणी आपण ज्या भाषेत बोलणी खाल्ली, त्या भाषेला ती टोचणी चिकटलेली असते. तुर्की-इंग्रजी बोलणाऱ्यांवरच्या २००३च्या प्रयोगात तर तुर्कीतल्या दटावणीने हाताच्या त्वचेवर उमटणारी प्रतिक्रियाही इंग्रजीपेक्षा तीव्र होती.

शंकेखोर:
वरचं बरोबर आहे, पण डॉक्टर, तुमच्या बाबतीत ते सरसकट लावू नका. त्याच २०१४च्या अभ्यासात परभाषेवर चांगली पकड असलेल्यांमध्ये हा फरक कमी झाला होता, आणि तुमचं वैद्यकीय शिक्षण सगळं इंग्रजीतच झालंय. शिवाय प्रयोगात फक्त भाषा बदलते. तुमच्याकडे खोली बदलली, समोर मॉनिटरऐवजी मुलगी आली. तिच्याशी इंग्रजीत बोलला असतात, तरी कदाचित असंच चलबिचल झालं असतं. म्हणून मराठीतलं मत खरं आणि इंग्रजीतलं कोरडं, असं मी तरी म्हणणार नाही.

सिस्टर_निवृत्त:
माझी बरीच वर्षं आयसीयूत गेली. आमचे एक सर असा निर्णय झाला की बेडपाशीच थांबायचे आणि आम्हा सिस्टरांना मराठीत सांगायचे, काय थांबवतोय, का थांबवतोय, त्रास होऊ नये म्हणून काय चालू ठेवतोय. एकदा सांगता सांगता त्यांनाच वाटलं की मुलांशी बोलण्याआधी आणखी एक दिवस वाट पाहावी, आणि त्यांनी पाहिली. बाकी बहुतेक वेळा निर्णय तोच राहायचा. पण नातेवाइकांसमोर कुणी अडखळत नसे.

रात्रपाळी_आयसीयू:
शंकेखोर, खोली बदलते हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. सिस्टरांचा उपाय त्यालाही लागू पडतो: भाषा बदलते, पण खोली आणि माणसं तीच राहतात. उद्या राउंडला आमच्या मॅडमना विचारते. त्या मुलीशी संध्याकाळी परत बोलायचंय, त्याआधी फाइल पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचते.