मदत हवी आहे: यूके – नवऱ्याचं आजारपण, साठवलेले पैसे, सांगलीचा फ्लॅट आणि युनिव्हर्सल क्रेडिट

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या सरकारी मदतीची नीट माहिती असलेलं कुणी इथे असेल तर कृपया वाचा.

नवऱ्याला (वय ५२) उन्हाळ्यात पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात अजून साथ देत नाही, बोलताना शब्द अडकतात. सध्या फक्त आजारपणाचा सरकारी दराचा पगार, म्हणजे एसएसपी, येतोय. आठवड्याला ११८.७५ पौंड (२०२५-२६ चा दर). त्याचे २८ आठवडे आता संपत आले. मी शाळेत अर्धवेळ काम करते, महिन्याला ११५० हातात येतात. घर भाड्याचं, ९५० पौंड. मुलगी चौदाची आहे. दोघेही ब्रिटिश नागरिक आहोत, त्यामुळे व्हिसाची अडचण नाही.

आता बचतीचं. जॉइंट खात्यात ११,४०० पौंड आहेत. सांगलीच्या बँकेत ह्यांच्या नावावर चार लाखांची एफडी. शिवाय सांगलीत फ्लॅट, तोही ह्यांच्याच नावावर. तिथे सासूबाई राहतात, वय ७४.

इथल्या मंडळातल्या एकीने सांगितलं, सहा हजारांवर बचत असली की युनिव्हर्सल क्रेडिटची (कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारी सरकारी मदत) एक पेनीसुद्धा मिळत नाही. दुसरी म्हणाली, पैसे पुण्याला दिरांकडे पाठव आणि मग अर्ज कर. तिसरीचं म्हणणं, फ्लॅटचं नावच काढू नकोस, यांना सांगलीतलं काय कळतंय! डोकं चक्रावलंय. अर्ज करावा की करूच नये?

रोखठोक

जन्मभर काटकसर केली त्याला कात्री, आणि सगळं उडवून मोकळा झाला त्याला पूर्ण रक्कम. असा इथला न्याय. अर्ज करून बघा, पण फार आशा ठेवू नका.

घाटमाथा

ताई, अर्ज जरूर करा. मी एका सल्ला केंद्रात स्वयंसेवक म्हणून बसतो. तुमच्यासारखी प्रकरणं नेहमी येतात, आणि गोंधळही हाच असतो: तीन वेगळ्या मदती लोक एकाच गाठोड्यात बांधतात.

पिप (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट) अपंगत्वामुळे होणाऱ्या अडचणीसाठी आहे. त्यात ना बचत बघतात ना तुमचा पगार. कोट्यधीशालाही मिळू शकतो. त्रास तीन महिन्यांपासून असावा आणि पुढे नऊ महिने राहील असं दिसावं.

न्यू स्टाइल ईएसए, म्हणजे आजारपणामुळे काम न जमणाऱ्यांचा भत्ता, ह्यांनी भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सवर (पगारातून कापल्या जाणाऱ्या सरकारी विम्याच्या हप्त्यांवर) मिळतो. गेल्या दोन पूर्ण करवर्षांत पुरेसा हप्ता गेला असेल तर बचत किंवा बायकोची कमाई आड येत नाही. आजारपणामुळे कंपनीची पेन्शन सुरू झाली असेल आणि ती आठवड्याला ८५ पौंडांवर असेल, तर वरच्या रकमेच्या निम्मं कापतात. एसएसपी चालू असताना ईएसए मिळत नाही, पण तो संपण्याच्या तीन महिने आधी अर्ज करता येतो. म्हणजे आत्ताच.

बचत बघतं ते युनिव्हर्सल क्रेडिट (यूसी). नवराबायकोचं मिळून बघतात. ६,००० पर्यंत काही कापत नाहीत. १६,००० च्या वर गेलात की दार बंद. मधल्या रकमेवर दर २५० पौंडांमागे किंवा त्याच्या भागामागे महिन्याला ४.३५ पौंड तुमचं उत्पन्न धरतात, प्रत्यक्षात व्याज किती का मिळेना.

एफडी लपवू नका. भारतातल्या बँका परदेशात राहणाऱ्या खातेदारांची माहिती करखात्यांमार्फत इकडे देतात. चार लाखांचे साधारण ३,३०० पौंड धरू, बदलून आणण्याचं कमिशन वजा होतं. एकूण १४,७०० झाले. म्हणजे तुम्ही मर्यादेच्या आत आहात.

२०२५-२६ च्या दरांनी गणित मांडतो. दोघांची मूळ रक्कम ६२८.१०, मुलीचे ३३९, भाड्याचे ९५० (तुमच्या भागाच्या भाडेमर्यादेत बसत असेल तर). झाले १९१७.१०. तुमच्या पगारातले पहिले ४११ सोडून उरलेल्यावर पौंडामागे ५५ पेन्स कापतात, म्हणजे ४०६.४५. बचतीपोटी १५२.२५. ईएसए सुरुवातीला आठवड्याला ९२.०५, तो पूर्ण वजा होतो, महिन्याचे ३९८.८८. हाती साधारण ९५९ पौंड, ईएसए वेगळा.

तुम्ही म्हणाल, वजाच होतो तर ईएसए कशाला? उद्या रुपया वधारला किंवा कुठून चार पैसे आले आणि १६,००० ओलांडले, तर यूसी थांबेल, ईएसए नाही.

कृष्णाकाठची

किती समजावून सांगितलंत! पण फ्लॅट? त्याची किंमत धरली तर सगळंच संपलं ना?

घाटमाथा

तोच महत्त्वाचा मुद्दा. परदेशातली मालमत्ता एरवी धरतातच: तिथल्या बाजारभावातून विक्रीखर्चाचे १० टक्के आणि कर्ज असेल तर ते वजा करून. मात्र घरात जवळचा नातेवाईक स्वतःचं घर म्हणून राहत असेल आणि तो इथल्या पेन्शनच्या वयाचा असेल, तर ते घर मोजत नाहीत. आई जवळच्या नात्यात येते, वय ७४. तेव्हा फ्लॅट दाखवायचा, आणि सासूबाई तिथे राहतात हे लिहायचं. न दाखवता नंतर उघड झालं तर मिळालेले पैसे परत करण्याची वेळ येते.

दिरांकडे पैसे पाठवणं तर अजिबात नको. मदत मिळावी म्हणून पैसे बाजूला केले असं वाटलं, तर ते अजून तुमच्याकडेच आहेत असं धरून हिशेब करतात. देणं फेडलंत, किंवा ह्यांच्यासाठी न्हाणीघरात आधाराचे दांडे बसवले, तर तो खर्च रास्त मानतात. पावत्या जपा.

मोगरा_लेस्टर

कृष्णाकाठ, पिपच्या फॉर्मबद्दल सांगते, माझ्या सासऱ्यांचा मीच भरला होता. आपल्याला 'बरं चाललंय' म्हणायची सवय. तसं लिहू नकोस. एखादं काम जमतं म्हणजे सुरक्षितपणे, नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात जमतं का, हे बघतात. स्वयंपाकाच्या प्रश्नावर आपले पुरुष लिहितात, 'मी कधी केलाच नाही'. प्रश्न तो नसतो! एका हाताने कांदा चिरून गॅसवर भाजी करता येईल का, हे विचारलेलं असतं. आणि पिपमधला रोजच्या जगण्याचा भाग मंजूर झाला की आठवड्याला कमीतकमी ७३.९० (२०२५-२६ चा दर), ते यूसीत उत्पन्न म्हणून धरत नाहीत.

तू आठवड्याला ३५ तास ह्यांचं करत असशील तर यूसीतच काळजीवाहकाची महिन्याला २०१.६८ ची (२०२५-२६ चा दर) भरही मिळेल. वेगळा केअरर्स अलाउन्स (काळजीवाहकाचा भत्ता) तुला मिळणार नाही, कारण हातात येणारी कमाई त्याच्या मर्यादेच्या (२०२५-२६ मध्ये आठवड्याला १९६) वर आहे. पण यूसीतल्या भरीला ती अट नाही. हे बरेच जण सांगतच नाहीत.

घाटमाथा

अगदी बरोबर. रोखठोक यांच्या रागातही तथ्य आहे. ६,००० आणि १६,००० च्या मर्यादा २००६ पासून जिथल्या तिथे आहेत. वीस वर्षांत भाडं आणि किराणा कुठल्या कुठे गेला. पण ह्या माणसाने इथे नोकरी करून हप्ते भरलेत, तेव्हा संकोच कसला?

कृष्णाकाठची

आज पिपला फोन केला, फॉर्म पोस्टाने येणार आहे. अजून दोन शंका. सासूबाई नणंदेकडे पुण्याला कायमच्या गेल्या तर? आणि ह्यांना आयुर्वेदिक उपचारांना सांगलीला न्यावं असं घरी सगळे म्हणतायत.

घाटमाथा

फोन केलात ते उत्तम, मंजूर झाल्यास पैसे त्या तारखेपासून मिळू शकतात. यूसीला मात्र उशीर करू नका, मागच्या तारखेचं फार क्वचित देतात आणि तेही जास्तीत जास्त एक महिन्याचं.

सासूबाईंनी घर कायमचं सोडलं तर लगेच यूसीच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये कळवा. फ्लॅट विकायला काढलात तर विक्रीचे खरे प्रयत्न चालू असताना सहा महिने किंमत धरत नाहीत. भारतात जाणार असाल तर आधी कळवा: यूसी साधारण एक महिना चालू राहतं, उपचारांसाठी सहा महिन्यांपर्यंत. पिप एरवी १३ आठवडे, उपचारांसाठी २६. पण उपचारांसाठी म्हणजे डॉक्टरांची कागदपत्रं हवीत, घरच्यांचा आग्रह चालत नाही.

यूसीचा अर्ज भरताना सिटिझन्स ॲडव्हाइस ह्या सल्ला देणाऱ्या संस्थेची 'हेल्प टू क्लेम' सेवा मोफत आहे. फ्लॅटसाठी इंडेक्स टू, घरपट्टीची पावती, सासूबाईंचं आधार आणि त्या पत्त्याचं लाइट बिल मागवून ठेवा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागलं तर इथे लिहा, कुणीतरी करून देईल.

मोगरा_लेस्टर

भाषांतर मी करते. कागद आले की व्यनि (खासगी निरोप) कर.