सभासद क्रमांक पाच आकडी झाला, म्हणून सभासद वाढले का?

बाल्सापुराण

मॉडेल विमानवाल्यांच्या आपल्या संघटनेचं नवं पत्रक आलंय. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: सभासद क्रमांक पाच आकडी झाला, छंद जोमात वाढतोय! वाचून हसू आलं. याचा अर्थ आजवर दहा हजार अर्ज भरले गेले, एवढाच. त्यातले किती जण अजून उडवतात, किती जणांची विमानं माळ्यावर धूळ खातात आणि किती जण देवाघरी गेले, हे त्या आकड्यात कुठे आहे?

साधा हिशोब करा. समजा १,००० सभासद आहेत. दर वर्षी १५० जण वर्गणी भरत नाहीत आणि १५० नवे येतात. दहा वर्षांत क्रमांक १,५०० ने पुढे गेला, सभासद मात्र होते तेवढेच. गळती ३०० झाली आणि तेवढेच नवे आले, तर क्रमांक दुप्पट वेगाने पळेल, आणि आपण पेढे वाटू.

वर्गणी भरलेले किती ते छापा. गेल्या वर्षीच्यांपैकी किती जण टिकले तेही छापा.

घिरट्या

अहो, इतकं विरजण कशाला? नवा क्रमांक म्हणजे नवा माणूस दारात आला, हे तरी खरं ना? दर वर्षी किती क्रमांक दिले ते मांडलं की ओघ वाढतोय की आटतोय ते कळतं.

क्रमांकातून किती कळू शकतं याचं उदाहरण देतो. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांच्या सुट्या भागांवरचे अनुक्रमांक तपासून महिन्याचं उत्पादन काढलं. ऑगस्ट १९४२ चा त्यांचा अंदाज ३२७, हेरखात्याचा १,५५०. युद्धानंतर जर्मन कागदांत आकडा निघाला ३४२.

बाल्सापुराण

उदाहरण झकास, पण ते माझ्याच बाजूचं. कारखान्यातून किती रणगाडे बाहेर पडले ते क्रमांकांनी सांगितलं. रणांगणावर किती चालू उरले ते नाही सांगितलं.

जुना ट्रान्समीटर

माझा क्रमांक तीन आकडी आहे, त्यामुळे मी निःपक्ष नाही, आधीच सांगतो. पण या निमित्ताने कार्यकारिणीत कुणीतरी पिल्लू सोडलंय की सोडून गेलेल्यांचे क्रमांक नव्यांना द्यावेत, म्हणजे आकडा आटोपशीर राहील. याला माझा सक्त विरोध.

क्रमांक विमानावर लिहितो तो कशासाठी? हरवलेलं विमान मालकाकडे परत यावं म्हणून. फ्री फ्लाइटवाल्यांना, म्हणजे रिमोटशिवाय विमान मोकळं सोडणाऱ्यांना विचारा. थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा लागली आणि डीटी, म्हणजे ठरल्या वेळी विमान खाली उतरवणारी यंत्रणा, उघडलीच नाही, की विमान दिसेनासं होतं आणि कधीकधी दोन-तीन वर्षांनी कुणाच्या तरी झाडावर सापडतं. तोवर तो क्रमांक दुसऱ्याला दिला असेल तर फोन भलत्यालाच जाणार. त्यातून विमानाने कुणाची काच फोडली असेल, तर बिचारा नवा सभासद न केलेल्या गुन्ह्याची उत्तरं देत बसेल. माणूस गेला तरी त्याचा क्रमांक त्याचाच.

नवशिक्या

काका, मुद्दा पटला. पण हेही ऐका. मैदानावर पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न, "नंबर कितवा?" पाच आकडी म्हटलं की चेहरे बघण्यासारखे होतात. पाच वेळा वर्गणी भरली तरी मी नवाच! क्रमांक ओळीने देण्यापेक्षा सरमिसळ करून द्या. कोण कधी आला हे कळायचं कारण काय?

जुना ट्रान्समीटर

चेहरे करणाऱ्यांना दोन शब्द सुनवा, क्रमांकाला का शिक्षा? पण हो, काही जण तीन आकड्यांचा तोरा मिरवतात. मीही मिरवला असेन.

रडर डावीकडे

तुम्ही सगळे क्रमांकात अडकलात. माणूस संघटनेत येतो कशाला, ते बघा. पूर्वी यावंच लागायचं. एकाच चॅनलवर दोघांनी ट्रान्समीटर सुरू केला की एकाचं विमान जमिनीत, म्हणून कुठला चॅनल कोण वापरतंय ते दाखवणाऱ्या मैदानावरच्या फ्रिक्वेन्सी बोर्डावर क्लिप लावल्याशिवाय कुणी बटण दाबत नसे. २.४ गिगाहर्ट्झचे, एकमेकांत न अडकणारे रेडिओ आले आणि ती गरज संपली. फोमचं तयार विमान घ्या, मोकळं रान बघा, उडवा. आता लोक येतात ते मैदानासाठी आणि विम्यासाठी.

वर सरकारी क्रमांकही आले. अमेरिकेत २५० ग्रॅमच्या वरच्या विमानांची नोंदणी डिसेंबर २०१५ मध्ये सक्तीची झाली, मे २०१७ मध्ये कोर्टाने छंदवाल्यांपुरती ती रद्द केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात नव्या कायद्याने ती परत आणली. तिथे छंदवाल्याचा एकच क्रमांक त्याच्या सगळ्या विमानांवर चालतो आणि २०१९ पासून तो बाहेरून दिसावा लागतो. मग संघटनेचा क्रमांक हवा कशाला?

घिरट्या

अर्धीच गोष्ट सांगितलीत. तिथेच मार्च २०२४ पासून रिमोट आयडीची, म्हणजे उडताना विमानाची ओळख आणि ठिकाण रेडिओवरून कळवणाऱ्या यंत्राच्या सक्तीची, अंमलबजावणी सुरू झाली. ते यंत्र न लावता उडवायचं तर ठरलेल्या मान्यताप्राप्त मैदानावर, आणि अशा मैदानासाठी अर्ज एकटादुकटा माणूस करू शकत नाही, मान्यताप्राप्त संघटना किंवा शिक्षणसंस्था करते. म्हणजे संघटनेची गरज मागच्या दाराने परत आलीच की.

बाल्सापुराण

दोघांचंही बरोबर, पण पत्रकातला आकडा तरीही फसवाच. आणि फुकट सभासदत्व दिलेली शाळकरी मुलंही त्यात धरली आहेत का? शिबिरात एक दिवस रबरबँडचं विमान सोडणारं पोर आणि वीस वर्षं वर्गणी भरणारा, दोघांचा एकेक क्रमांक.

रडर डावीकडे

मुलांना धराच. त्यातलंच एखादं पुढे टिकतं. फक्त त्यांचा रकाना वेगळा ठेवा.

नवशिक्या

एक शंका, चिडू नका. माझं घरात उडणारं मॉडेल जेमतेम दीड ग्रॅमचं आहे. त्यावर पाच आकडे चिकटवले तर ते नाक खाली घालतं.

जुना ट्रान्समीटर

इनडोअर ना? अमेरिकेची अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स १९३६ पासूनची संस्था, तिच्या सुरक्षा नियमांतही इनडोअर विमानांना क्रमांकातून सूट आहे. भिंतीपलीकडे जाऊन जाऊन ते जाणार कुठे!