जेटलॅग आणि रात्री दोनचे पोहे

डिसेंबरात लेकीकडे न्यू जर्सीला चाललोय, तीनच आठवडे. गेल्या वेळी जेटलॅगने, म्हणजे तिकडच्या वेळेशी शरीराचं घड्याळ न जुळल्याने, पहिला आठवडा नुसता पेंगण्यात गेला. ज्यांनी भोगलंय त्यांनी लिहा हो, उपदेश नको, काय घडलं ते सांगा.

–

माझं तर हसंच झालं. थंडीत तिकडे आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणजे रात्री दोनला डोळे टक्क उघडे कारण कोथरूडात दुपारचे साडेबारा आणि पोटात कावळे, म्हटलं गुपचूप पोहे टाकावेत, तर फोडणीत मिरच्या जरा करपल्या आणि छतावरचा स्मोक अलार्म असा कोकलला की जावई स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालतायत, नातू भोकाड पसरून बसलाय आणि मी उलथनं घेऊन उभी. पोहे मात्र सगळ्यांनी खाल्ले! दुसऱ्या दिवसापासून उशाशी केळं आणि राजगिऱ्याचा लाडू.

–

खरी वैरीण दुपारची झोप. आम्ही सदाशिव पेठेतले, जेवलो की आडवं व्हायचंच. तिकडे दोनला पडलो की इथली मध्यरात्र उलटलेली, मग कसला उठतोय, डायरेक्ट संध्याकाळी सात. मुलगा शेवटी वीस मिनिटांचा गजर लावायला लागला आणि सकाळी कानटोपी घालून उन्हात पिटाळायचा. उजेडानेच शरीराचं घड्याळ सरकतं, दिवसाला साधारण तासभर. चिडलो, पण उपयोग झाला.

–

सिडनी तिकडच्या उन्हाळ्यात साडेपाचच तास पुढे, त्यामुळे सोपं वाटलं होतं. पण पूर्वेकडे जाणं जास्त जड. रात्री अकराला झोपा म्हणे, इथे संध्याकाळचे साडेपाच, चहाची वेळ! जागरण जमतं, लवकर झोपणं नाही. सकाळी नात 'आजोबा बीच' करत पाय ओढतेय आणि मी घोरतोय.

–

ह्यांना इन्सुलिन आहे. डोसच्या वेळा कशा बदलायच्या ते निघायच्या आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं. विमानात बोटं मोजत बसू नका.

–

जाताना काही नाही हो, अमेरिकेतून परत आलं की मरण. रात्रभर भिंतीवरच्या पालीकडे बघत बसायचं आणि झोप लागते नेमकी सकाळी नऊला. कामवाल्या मावशी दोन दिवस बेल वाजवून परत गेल्या. आता त्यांच्याकडेच किल्ली ठेवलीये, अकराला 'काका, चहा गार होतोय' म्हणून ओरडतात, तिसऱ्या हाकेला उठतो.