दारू सोडून 26 दिवस झाले, तरी पहाटेची भीती जात नाही

प्रश्न : फोंडा तालुक्यातील एक वाचक

माझे वय 44 वर्षे. एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करतो. गेली अकरा वर्षे मी पीत होतो. सुरुवातीला शनिवारी मित्रांबरोबर, पुढे घरी एकटाच, आणि शेवटची चार वर्षे तर रोज रात्री जेवणापूर्वी एक क्वार्टर हा नियमच होऊन बसला होता. शिगमो संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दारू सोडली. पहिले चार-पाच दिवस हात थरथरत होते, घाम येत होता, झोप नव्हती. ते सगळे ओसरले. उर्राकचे, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचे, दिवस असूनही संध्याकाळची ओढ मला वाटली होती तेवढी छळत नाही.

छळते ती पहाट. साडेचारच्या सुमारास जाग येते. आधी छातीत धडधड सुरू होते, मग पोटात खड्डा पडतो, आणि मग मनात एकच भावना उरते की काहीतरी फार वाईट घडले आहे आणि ते माझ्यामुळे घडले आहे. काय घडले ते आठवत नाही, कारण घडलेले काहीच नसते. पोदेराचा, म्हणजे दारोदार येणाऱ्या पाववाल्याचा, भोंगा ऐकू येईपर्यंत मी छपराकडे पाहत पडून राहतो, आणि तो वाजला की आता घरातली माणसे उठतील या विचाराने भीती आणखी वाढते. कामावर जाऊन पहिली खतावणी उघडली की ती हळूहळू विरते. संध्याकाळी मी अगदी ठीक असतो.

पीत असताना सकाळी असे होई तेव्हा त्याचे कारण समजत होते. न पिताही तेच होणार असेल तर दारू सोडून मिळवले काय, हा विचार दोनदा मनात येऊन गेला, आणि त्या विचाराची मला पहाटेपेक्षाही अधिक भीती वाटते. आईने ग्रामदेवतेचा कौल घेतला आहे. तो माझ्या बाजूने मिळाला याचा तिला आधार आहे, आणि तिला आहे म्हणून मलाही आहे. शेजाऱ्यांनी झोपेच्या गोळ्यांची अर्धी पट्टी आणून दिली आहे, ती मी अजून उघडलेली नाही. ही भीती आजार आहे की माझ्या मनाचा दुबळेपणा? ती किती दिवस राहते? आणि साडेचार ते सहा या वेळात माणसाने नेमके काय करावे?

उत्तर : डिचोलीहून एक वाचक

मला दारू सोडून सात वर्षे झाली. आपण वर्णन केलेली पहाट माझ्याकडे जवळजवळ अडीच महिने येत होती, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो.

काहीतरी वाईट घडले आहे आणि ते आपल्यामुळे घडले आहे, हे आपले वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. पिण्याच्या काळात माझे सकाळचे पहिले काम म्हणजे आदल्या रात्रीची झडती घेणे हे असे. कोणाला फोन केला, गाडी कुठे लावली, खिशात किती पैसे उरले, पत्नीचा चेहरा कसा आहे, हे सगळे मी डोळे पूर्ण उघडण्यापूर्वी मनात तपासत असे, आणि अनेकदा काही ना काही सापडतच असे. म्हणजे ती भीती तेव्हा खोटी नव्हती. तिला रोज खाद्य मिळत होते. दारू थांबली, पण झडती घ्यायची सवय थांबली नाही. सापडण्यासारखे काही उरलेले नसतानाही ती ठरल्या वेळी येऊन उभी राहत होती. हे लक्षात आल्यावर मी तिच्याशी वाद घालणे सोडले आणि तिला उत्तर द्यायला लागलो.

रात्री झोपण्यापूर्वी एका वहीत मी चार ओळी लिहून ठेवत असे : आज दारू घेतली नाही; गाडी अंगणात आहे, किल्ली खुंटीवर आहे; साडेआठला जेवलो; मुलाशी त्याच्या परीक्षेबद्दल बोललो, आवाज चढवला नाही. पहाटे जाग आली की दिवा लावून त्याच ओळी वाचायच्या. आपण हिशेबाचे काम करता, तेव्हा रोजकीर्द त्याच दिवशी लिहिली तर दुसऱ्या दिवशी शिल्लक शोधत बसावे लागत नाही, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. पहिला आठवडा मला काहीच फरक वाटला नाही. पुढे एके पहाटे मी वही उघडली आणि वाचण्यापूर्वीच मला त्यातला मजकूर आठवला.

दुसरी गोष्ट म्हणजे पडून राहू नका. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठावे, तोंड धुवावे, एखादे केळे खावे, अंगण झाडावे. पोदेराचा भोंगा अंथरुणात ऐकत पडण्याऐवजी मी फाटकापाशी जाऊन उभा राहू लागलो. त्या दिवसांपासून आमच्या घरचे पाव आणि पोळ्या मीच घेतो.

उत्तर : निवृत्त वैद्यकीय अधिकारी, तिसवाडी

प्रश्नकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : हा मनाचा दुबळेपणा नाही. मेंदूत गाबा नावाचे रसायन शांत करण्याचे काम करते आणि ग्लुटामेट उत्तेजित करण्याचे. दारू पहिल्याचा परिणाम वाढवते आणि दुसऱ्याचा दाबते. अनेक वर्षे रोज असे झाले की मेंदू समतोल राखण्यासाठी स्वतःची शांत करणारी यंत्रणा मंद करतो आणि उत्तेजित करणारी वाढवून ठेवतो. दारू एका दिवसात थांबते. ही रचना पूर्ववत व्हायला मात्र आठवडे, कधी काही महिने लागतात.

आता साडेचारच का, हे पाहू. क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर, आणि आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या नेहमीच्या तीव्रतेनुसार त्यात सुमारे 60 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. यकृत साधारणपणे तासाला 7 ते 10 ग्रॅम मद्यार्काचा निचरा करते. रात्री साडेआठला सुरुवात केली तर शेवटचा अंश पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीरातून जातो, आणि त्याच वेळी दाबून ठेवलेली उत्तेजना वर उसळते. याचा अर्थ असा की चार वर्षे रोज पहाटे या गृहस्थांच्या शरीराने दारू उतरण्याचा एक लहानसा झटका सोसला आहे. डिचोलीच्या वाचकांनी ज्याला झडतीची सवय म्हटले, तिला शरीराचीही साथ होती. शिवाय पहाटेच्या सुमारास कॉर्टिसॉल हे संप्रेरक प्रत्येकाच्याच शरीरात वाढत असते आणि जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वाधिक होते. निरोगी माणसाला ते अंथरुणातून उठवते. ज्याचा मेंदू अजून सावरतो आहे त्याला तेच भीतीसारखे जाणवते. संध्याकाळी हे प्रमाण बरेच खाली आलेले असते, म्हणून संध्याकाळ ठीक जाते.

झोपेच्या गोळ्यांची ती पट्टी कृपया परत करा. या गोळ्यांपैकी बहुतेक मेंदूतल्या त्याच गाबा यंत्रणेवर काम करतात जिच्यावर दारू करत होती. पहिल्या आठवड्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजक्या दिवसांसाठी अशा औषधांना निश्चित स्थान आहे. चौथ्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या हातून नाही. पहाटे कॉफी टाळा, चहा खाल्ल्यानंतर घ्या. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब, साखर, यकृत आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्या, कारण थायरॉइड वाढलेले असले तरी छाती अशीच धडधडते. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या शरीरात थायामिन, म्हणजे ब 1 जीवनसत्त्व, अनेकदा कमी असते, त्याबद्दलही विचारा.

साधारण चार आठवडे दारूविना काढल्यानंतरही भीती तेवढीच राहिली, तर ती दारूची मागे राहिलेली खूण नसून मुळातच असलेला चिंताविकार आहे का, हे मानसोपचारतज्ज्ञांनी पाहायला हवे. अनेक माणसे त्या विकारावरचे औषध म्हणूनच नकळत पिऊ लागलेली असतात. बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे. मनात निराशेचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले तर वाट न पाहता 14416 या टेलिमानस क्रमांकावर, कोणत्याही वेळी, फोन करावा. समुपदेशन म्हणजे नुसत्या गप्पा असे समजू नका. आपल्या गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथ संस्थेने डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून थोड्या बैठकांत दारूवर काम करून पाहिले, आणि त्याचा उपयोग झाल्याचे 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

हे वाचून जे उद्या सोडण्याचा विचार करतील त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी सोडणे धोक्याचे असू शकते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भ्रम, भास व तीव्र थरथर सुरू होऊन जीवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांना भेटा, मग तारीख ठरवा.

उत्तर : पेडण्याहून एक वाचक

मी थोडक्यात लिहितो. माझ्या विसाव्या दिवशी अशाच पहाटे मी कपाटामागे राहिलेल्या बाटलीतून एक घोट घेतला. भीती दहा मिनिटांत गेली. ती इतक्या लवकर गेली हेच वाईट झाले, कारण त्यानंतर दोन महिने मी पुन्हा पीत होतो. आता पाच महिने झाले आहेत. घरात कुठे काही राहिले असेल तर ते आजच, दिवसाउजेडी, कोणाला तरी सोबत घेऊन ओतून टाकावे.

उत्तर : म्हापशाहून एक गृहिणी

माझ्या यजमानांनी तीन वर्षांपूर्वी दारू सोडली. मी आपल्या घरच्या माणसांसाठी लिहिते आहे, हे त्यांना वाचायला द्यावे.

सुरुवातीला मी रोज सकाळी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत असे आणि चहा देताना हळूच वास घेत असे. मला वाटे की त्यांना ते कळत नाही. एके दिवशी ते म्हणाले, ‘‘मी उठतो तेव्हा या घरात माझी परीक्षा सुरू होते.’’ तेव्हापासून सकाळी मी काहीच विचारले नाही. जे विचारायचे ते संध्याकाळी, दोघेही शांत असताना. पहाटे ते उठून बसलेले दिसले तर मी दिवा लावते, पेजेसाठी तांदूळ धुवायला घेते आणि त्यांना नारळ खवायला देते. हाताला काम असले की त्यांचा श्वास संथ होतो, हे मी पाहिले आहे.

आणखी एक. न सांगता जेवणात घालण्यासाठी कोणी पूड किंवा गोळी आणून दिली तर ती मुळीच वापरू नका. दारूबरोबर तीव्र त्रास देणारे डायसल्फिराम हे औषध डॉक्टर देतात, पण ते घेणाऱ्याला सगळे समजावून, त्याच्या संमतीने. चोरून दिले आणि त्या माणसाने दारू घेतली तर जीव जाऊ शकतो. आमच्या एका नातेवाइकांवर तो प्रसंग ओढवता ओढवता राहिला. दारू सोडलेल्यांसाठी जशा एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, सभा असतात तशा घरच्यांसाठी अल्-अ‍ॅनॉनच्या असतात. मला तिथे प्रथमच कोणापुढे रडता आले.

प्रश्नकर्त्यांचे उत्तर, अकरा दिवसांनंतर

आपण सर्वांनी एका अनोळखी माणसासाठी एवढा वेळ दिलात, याबद्दल मनापासून आभार मानतो.

गोळ्यांची पट्टी शेजाऱ्यांना परत केली. आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या, थायामिन सुरू केले आणि बांबोळीसाठी चिठ्ठी दिली. थायरॉइड ठीक आहे. यकृताचा एक आकडा वाढलेला आहे, तो तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचा आहे.

वही सुरू केली. पहिल्या पहाटे मला माझ्याच अक्षरावर विश्वास बसला नाही, आणि ‘आज दारू घेतली नाही’ ही ओळ खोटी लिहिली असेल असे वाटून मी उठून स्वयंपाकघर तपासले. तिसऱ्या दिवसापासून त्या ओळीखाली माझ्या मुलीने स्वतःहून सही करायला सुरुवात केली. ती बारा वर्षांची आहे. मी तिला काही सांगितले नव्हते. तिने वही पाहिली असावी.

भीती अजून येते. काल ती पावणेपाचला आली आणि सव्वापाचपर्यंत होती. त्यानंतर मी अंगणात गेलो. पोदेर फाटकाशी थांबला तेव्हा आई नेहमी किती पाव घेते हेच मला ठाऊक नव्हते. त्यानेच सांगितले की आठ. मंगळवारी बांबोळीला जायचे आहे, पत्नी सोबत येणार आहे. तिथे काय सांगतात ते इथे लिहीन.