अनुभव धागा: आपल्या भागाचा इतिहास लिहिणारी माणसं

मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवात, 2023 साली, पुस्तकांचा नुसता पाऊस पडला. एका प्रदर्शनातून मी चार घेतली. तीन पुस्तकांत 13 ते 17 सप्टेंबर 1948 चा, म्हणजे भारतीय फौज निजामाच्या राज्यात शिरली त्या पोलीस ॲक्शनचा, मजकूर एकमेकांवरून उतरवलेला, चुकलेल्या वेलांटीसकट. चौथं एका निवृत्त मंडळ अधिकाऱ्याचं. छपाई सुमार, मुखपृष्ठ भयाण, पण माणूस गावोगाव हिंडलेला. निजामाच्या लेव्हीपासून, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीपासून, ज्वारी वाचवायला लोकांनी जमिनीतल्या पेवाच्या तोंडावर गुरं कशी बांधली, ते त्यात आहे. हे मला अजून कुठल्या जाड ग्रंथात भेटलेलं नाही.

तर असं एखादं अलीकडचं पुस्तक वाचलं असेल, लेखकाला भेटला असाल किंवा स्वतःच लिहिलं असेल, तर इथं सांगा. नुसतं 'संग्राह्य आहे' म्हणून पळू नका.

औशाजवळून, निवृत्त शिक्षक:
मी लिहिणाऱ्यांपैकी. गावचा इतिहास, 144 पानं, 300 प्रती, पैसे स्वतःचे. जुनी कागदं सगळी उर्दूत आणि मला अलिफसुद्धा येत नाही. गावात एक म्हातारे शिंपीकाका होते, निजामाच्या काळात उर्दूत चौथीपर्यंत शिकलेले. ते चष्मा पुसत वाचायचे, मी लिहून घ्यायचो. दोन उन्हाळे गेले त्यात. मुखपृष्ठावर नाव माझं एकट्याचं आहे, हे आता टोचतं.

प्रकाशन मारुतीच्या पारावर. लोकांनी पुस्तक उघडलं ते थेट मागून, सत्याग्रहींची यादी बघायला. "आमच्या आज्याचं नाव कामून नाही, गुरुजी?" आजोबा रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, धाकानं बायकापोरं घेऊन बार्शीकडं गेले होते, सरहद्दीवरच्या लढणाऱ्यांच्या कॅम्पात कधीच नव्हते. हे चारचौघांत कसं बोलायचं? मग 16 पानांची पुरवणी काढली, 'गाव सोडून गेलेले'. घरोघर फिरून 61 कुटुंबं निघाली. कोण बैलगाडीनं गेलं, कोणाचं जातं मागं राहिलं, परत आल्यावर दाराला कोणाचं कुलूप होतं. खरं पुस्तक तेच झालं. 120 प्रती अजून पलंगाखाली आहेत.

परभणी जिल्ह्यातून:
आमच्या आजीकडं एक प्राध्यापक रेकॉर्डर घेऊन आले होते. आजी आधी म्हणाली, "लिवून काय करायलास बाबा?" मग तीन तास बोलली. पोलीस ॲक्शनच्या वेळी शेजारची खाला आणि तिची दोन लेकरं तिनं कडब्याच्या गंजीआड चार दिवस ठेवली होती, रात्री भाकरी नेऊन द्यायची. हे आम्हाला घरातसुद्धा माहीत नव्हतं. पुस्तक आलं. त्यात ओळ अशी: 'एका वृद्ध महिलेने सांगितले.' गुरुजी, तुम्ही पुरवणीत निदान नावं तरी घातलीत.

धाराशिवहून:
ताई, तुमच्या आजीला सलाम सांगा. आमच्या घरात काळ मोजायचा एकच काटा, ॲक्शनच्या आधी का नंतर. शाळेच्या पुस्तकात मात्र 17 सप्टेंबरला झेंडा लागला की धडा संपायचा. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं 1948 च्या अखेरीस हा मुलूख फिरून अहवाल दिला. ॲक्शनच्या वेळी आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा अंदाज 27 ते 40 हजार, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद नि नांदेड दोन्ही. अहवाल कित्येक दशकं दाबून राहिला. रझाकारांनी केलं ते खोटं, असं मी म्हणत नाही. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील होता, त्याचं पाप आम्हीही भोगलं. अफसर मोहम्मद यांचं 'रिमेकिंग हिस्टरी' हे इंग्रजी पुस्तक 2023 साली आलं, त्या दिवसांतून गेलेल्या माणसांच्या आठवणींवर उभं केलेलं. अब्बांना मी त्यातलं थोडं तोंडी मराठीत सांगत होतो. मधेच उठून नमाजासाठी वजू करायला गेले, परत त्या विषयावर आले नाहीत.

हिंगोलीहून:
मी पाच इतिहासाची पुस्तकं घेतली, पाचही लेखकांनी समोर उभं राहून सही केली. आता रद्दीत घालताही येत नाहीत.

जालन्याहून:
मी मोडी शिकलो ते कुणबी नोंदींच्या धांदलीत. 2023 पासून दप्तरं उघडली आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्याला एकदम भाव आला. लोक 'कुणबी' हा एक शब्द शोधून निघून जायचे. मी त्याच पानावर पुढचं वाचत बसायचो, कोणाची विहीर, कोणाचं इनाम. निलंग्याचे इतिहासकार सेतुमाधवराव पगडी मूळ फारसी वाचून लिहायचे. आजच्या लेखकाला दप्तराचा फोटो मोबाइलवर मिळतो, तरी तो वाचून घेत नाही; आधीच्या पुस्तकावरून उतरवतो. गुरुजी, तुमच्याकडचे कागद अजून आहेत का?

औसा:
आहेत, पत्र्याच्या पेटीत. शिंपीकाका दोन वर्षांमागं गेले. उरलेली पानं तशीच बंद पडलीत. तुमचा उर्दूवाला आणा, गाडीभाडं मी देतो.

परभणी:
मला पुस्तक आणि पुरवणी दोन्ही हवंय. आणि त्या प्राध्यापकांना फोन केला मी. म्हणाले, नाव गाळलं ते आजीच्याच सांगण्यावरून. आजीला विचारलं तर म्हणाली, "तवा खाला जिवंत व्हती. तिच्या दिराला कळाय नको व्हतं. आता लिव म्हणावं."