वर्ल्डकॉनला राबलेल्यांनो, अनुभव लिहा

८ ते १२ ऑगस्ट २०२४ असे पाच दिवस मी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत, एसईसी ह्या मोठ्या संमेलन-केंद्रात वर्ल्डकॉनला होते, आणि एकही परिसंवाद सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला नाही. दारात उभी होते. खोली भरली की "आता जागा नाही" हे हात जोडून सांगायचं, एवढंच काम. तरी घरी येताना वाटलं, इतकं छान संमेलन मी कधी अनुभवलं नव्हतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: विज्ञानकथेच्या चाहत्यांचं हे जागतिक संमेलन १९३९ला न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. १९४२ ते ४५ ही युद्धाची वर्षं सोडली तर ते दरवर्षी भरतंय. शहर दर वर्षी वेगळं. ते सभासद मतदानाने ठरवतात, तेही साधारण दोन वर्षं आधी. ग्लासगोची निवड २०२२ला शिकागोत झाली. ह्यामागे कुठली कंपनी नाही. अध्यक्षापासून खुर्च्या उचलणाऱ्यापर्यंत कुणालाच पगार नाही, उलट प्रत्येकाने आपलं सभासदत्व विकत घ्यायचं. ह्युगो, म्हणजे संमेलनाच्या सभासदांच्या मतांनी ठरणारे विज्ञानकथेचे पुरस्कार; त्यांची मतंही स्वयंसेवकच मोजतात. २०२४ला त्यांनी ३७७ बनावट मतं शोधून बाद केली आणि ते जाहीर सांगितलं. त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

तिथे काम करताना तीन मराठी माणसं भेटली, म्हणून हा धागा. नेमकं काय केलंत ते लिहा. "छान वाटलं" एवढ्यावर सोडू नका.

लंडनहून

२०१४, लॉनकॉन (लंडनचं वर्ल्डकॉन), एक्सेल सेंटर. सभासद दहा हजारांवर. मी फक्त बघायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एका टेबलावर पाटी दिसली, 'गोफर हवेत'. गोफर म्हणजे हे आण, ते ने करणारा. मी नाव दिलं, तर एका आजींनी विचारलं, "पाय दुखतात का? मग बसायचं काम देते." माझी पहिली चौकशी ही होती!

पाण्याचे जार भरायचं काम मिळालं. एक सत्र संपून दुसरं सुरू होईपर्यंत जो थोडा वेळ असतो, त्यात जुने पेले उचलायचे, नवे ठेवायचे, वक्त्यांच्या नावाच्या पाट्या बदलायच्या. एकदा पाटी ठेवताना वर पाहिलं तर जिची पुस्तकं मी कॉलेजात असताना उधार आणून वाचली होती ती लेखिका समोर. ती म्हणाली, "थँक यू, जरा गार आहे का?" मी पाणी बदलून आणलं. दुसरं काही सुचलंच नाही.

कामाच्या तासांबद्दल 'ग्रोट' मिळतात. जुन्या इंग्लिश नाण्याचं नाव, पण ही छापील कूपनं असतात. त्या ग्रोटांवर मी जेवलो. लहानपणी आमच्या गल्लीतल्या गणपतीत सतरंज्या उचलल्यावर मंडळाकडून वडापाव मिळायचा, त्याची चव आठवली.

डब्लिनहून

२०१९ला इथल्या वर्ल्डकॉनमध्ये माझ्याकडे डोकी मोजायचं काम होतं. खोलीत किती बसले, किती उठून गेले. कंटाळवाणं वाटेल, पण पुढच्या दिवशी कुठला विषय मोठ्या खोलीत हलवायचा हे ह्या आकड्यांवरून ठरवता येतं. बास, एवढंच.

पुण्याहून

मी ग्लासगोला गेलेच नाही, तरी काम केलं. ऑनलाइन सत्रांत चॅटवर लक्ष ठेवायचं, प्रश्न निवडून सूत्रसंचालकाकडे द्यायचे. ऑगस्टमध्ये तिथलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे तिथल्या रात्री आठचं सत्र आपल्याकडे साडेबाराला. आईला वाटलं, ऑफिसचं काम आहे. तिसऱ्या रात्री ती चहा घेऊन शेजारी बसली आणि मंगळावर शेती कशी करायची ह्यावरची चर्चा शेवटपर्यंत ऐकली.

नाव नको

एक कडू अनुभव. संमेलनाचं नाव लिहीत नाही. मी एका विभागाची उपप्रमुख होते. प्रमुख आजारी पडल्या, आणि मी दोन दिवस बिस्किटांवर काढले. तिसऱ्या दिवशी भोवळ येऊन जिन्यात बसले. त्या जगात एक जुना नियम आहे, पाच-दोन-एक: रोज किमान पाच तास झोप, दोन वेळा जेवण, एक आंघोळ. नवख्यांना तो मीच शिकवत होते. सगळे फुकट राबतात म्हटलं की "मी थकले" म्हणायची लाज वाटते. कृपा करून म्हणा. माझ्या जागी दहा मिनिटांत दुसरी मुलगी उभी राहिली होती.

धागाकर्ती

वरच्या ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

मला एक सांगायचं राहिलं. दारावर उभं राहण्याआधी आम्हाला समजावलं होतं की कुणी वक्ता "माझा आवाज मोठा आहे" म्हणाला तरी माइक हातात द्यायचाच. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी खोलीत जी यंत्रणा असते तिला माइकमधलाच आवाज मिळतो, नुसता मोठा आवाज पुरत नाही. तेव्हापासून मी आमच्या मंडळाच्या कार्यक्रमातही हेच करते. काका रागावतात, मी माइक पुढे धरून उभी राहते.

लंडनहून

शेवटच्या रात्रीचं कुणी लिहिलं नाही. समारोप झाला, लोक बॅगा ओढत निघाले, आणि आम्ही चित्रप्रदर्शनाचे फलक सोडवत होतो. ते झाल्यावर उरलेल्यांचा 'डेड डॉग' मेळावा. अंगात त्राण नाही, पण घरीही जाववत नाही, असे सगळे जमिनीवर पसरलेले. त्या आजी आल्या, माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "आता दुखतात?" मी हो म्हटलं. त्यांनी सरकून भिंतीशी जागा करून दिली.