शाळेच्या भिंतीवर जगातले वन्य प्राणी काढायचे आहेत : कोणते घेऊ, सराव कसा करू?

भिंतखडू :
नमस्कार मंडळी. मी प्राथमिक शाळेत शिकवतो. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी व्हरांड्याच्या लांब भिंतीवर जगभरातले वन्य प्राणी काढायचे आहेत. प्रत्येकाखाली दोन ओळींत त्याचं वैशिष्ट्य लिहायचं आहे. माझी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झाली आहे. निसर्गचित्र जमतं, पण प्राणी ताठ होतात, लाकडी खेळण्यांसारखे. पोरं रोज ही भिंत बघणार, म्हणून एकही गोष्ट चुकीची जायला नको. प्राणी कोणते निवडू? सराव कशावरून करू?

शिसपेन्सिल :
सर, आधी पाय शिका. ताठपणा तिथूनच येतो. वाघ, लांडगा बोटांवर चालतात. मागच्या पायात जो सांधा उलटा वळलेला गुडघा वाटतो, ती टाच असते. खरा गुडघा वर, पोटाजवळ. हरीण, झेब्रा, जिराफ तर खुरांवर, म्हणजे नखांवर उभे असतात. अस्वल आपल्यासारखा अख्खा तळवा टेकवतं, म्हणून त्याची चाल जड दिसते. हत्तीचा पाय खांब वाटतो खरा, पण आत तोही बोटांवरच उभा आहे, मागे चरबीची जाड गादी असते. टाच कुठे, गुडघा कुठे एवढं पेन्सिलीने ठरवून मग बाह्यरेषा काढा. ठिपके-पट्टे सगळ्यात शेवटी.

जिराफ नक्की घ्या. त्याच्या मानेत मणके सातच, माणसाइतकेच, फक्त एकेक खूप लांब. म्हणून ती मान सापासारखी वळवू नका, लांब लांब तुकड्यांत वाकवा. चालताना तो एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ बरोबरच उचलतो.

रानपिंगळा :
माझं मत, सुटे प्राणी नकोत, शेजारी शेजारी लावा. चित्ता, बिबट्या, जॅग्वार एका ओळीत आले की पोरं आपणच फरक शोधतात. चित्त्याचे ठिपके भरीव. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तोंडाकडे उतरणारी काळी रेघ, लहान डोकं, खोल छाती, बारीक कंबर. त्याची नखं पूर्ण आत जात नाहीत, धावताना जमीन धरतात, म्हणून ती काढाच. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची पोकळ फुलं. जॅग्वारची फुलं मोठी आणि त्यांच्या आत पुन्हा ठिपके. हा दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला, अंगाने ठेंगणा-दणकट. त्याचा जबडा कासवाचं कवच फोडतो, तेव्हा डोकं रुंद काढा.

हत्तीही दोन घ्या. आफ्रिकेतला : खांदा झाकणारे कान, पाठीत खोलगट, सोंडेच्या टोकाला दोन बोटं. आपला : लहान कान, कपाळावर दोन उंचवटे, पाठ कमानदार, सोंडेला एकच बोट.

कागदकाम :
‘चुकीचं नको’ हे तुम्ही म्हणालात ते फार आवडलं. १५१५ साली गोव्याहून जहाजाने एक गेंडा लिस्बनला गेला. गुजरातच्या सुलतानाने तो पोर्तुगीजांना दिला होता. जर्मनीत ड्युरर नावाच्या चित्रकाराने तो न बघता, कुणाच्या तरी वर्णनावरून आणि रेखाटनावरून काढला. अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले, खांद्यावर एक जादा शिंग! तेच चित्र युरोपात दोनशेहून जास्त वर्षं गेंडा म्हणून चाललं. उलट जहांगीरच्या दरबारात १६२१ मध्ये झेब्रा आला, तेव्हा उस्ताद मन्सूरने तो समोर बघून रंगवला. पट्टे कुणी रंगवले तर नाहीत ना, अशी लोकांना शंका आली होती, आणि ते तपासूनही पाहिलं, असं बादशहानेच लिहून ठेवलंय.

शिसपेन्सिल :
कागदकाम, सहमत. तरी ड्युररच्या गेंड्यात वजन आहे हे मानावं लागेल. भारतीय गेंड्याच्या कातडीला घड्या असतातच. सर, एकशिंगी गेंड्याशेजारी आफ्रिकेचा दुशिंगी काढा. त्याच्या अंगावर तशा घड्या नसतात.

भटकी :
सरावाचं सांगते. फोटोवरून तपशील मिळतो, हालचाल मिळत नाही. मुंबईत राणीची बाग, पुण्यात कात्रज, कुठेही एकाच पिंजऱ्यासमोर थांबा. प्राणी त्याच त्याच पोझमध्ये परत येतात. एका कागदावर पाच-सहा अर्धवट रेखाटनं सुरू ठेवा आणि तो वळला की त्या त्या रेखाटनाकडे या. स्केचबुक महाग असेल तर पाठकोरे कागद चालतात. मुंबईला आलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला निसर्गविभाग बघा, तिथे पेंढा भरलेले प्राणी निवांत न्याहाळता येतात. आणि शाळेजवळ शेळ्या असतीलच. शेळीचे पाय काढता आले की हरणाचे येतात. मांजर आळस देताना बघाल तर वाघाचा खांदा कळेल.

भिंतखडू :
खूप आभार सगळ्यांचे! पाय आणि जोड्या, दोन्ही पक्कं. ध्रुवीय अस्वल आणि पेंग्विन एका चौकटीत घेऊ का? आणि पांढऱ्या भिंतीवर पांढरं अस्वल दिसेल कसं?

रानपिंगळा :
एकत्र नको. अस्वल उत्तर ध्रुवाकडचं, पेंग्विन दक्षिण गोलार्धातले. निसर्गात त्यांची गाठ पडत नाही. भिंतीच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ते, म्हणजे भूगोलही झाला.

शिसपेन्सिल :
अस्वलाच्या जागी भिंत कोरी ठेवा आणि मागचा समुद्र-आकाश रंगवा. अस्वलाच्या अंगावर सावलीत निळा, उन्हाकडे किंचित पिवळा. केस पारदर्शक आणि आतली कातडी काळी असते, हे खाली लिहा, पोरांना फार नवल वाटेल. पाऊस लागणारी भिंत असेल तर बाहेरच्या भिंतीचं इमल्शन आणि त्यात मिसळायचे रंग (स्टेनर) वापरा, पोस्टर कलर धुऊन जातील. मोठं करायला कागदावर आणि भिंतीवर चौकटी आखा. गेरूत बुडवलेलं सूत ताणून सोडलं की सरळ रेघ उमटते.

भटकी :
चित्त्याखालच्या ओळीत फक्त ‘आफ्रिका’ लिहू नका. तो आपल्याकडेही होता, १९५२ मध्ये भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातले आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात आणले. इराणमध्ये थोडे आशियाई चित्ते अजून आहेत. तेव्हा नकाशा काढणार असाल तर तिथेही एक ठिपका द्या.